निरोपाचे शास्त्र : प्राण्यांच्या दयामरणाचा भारतीय इतिहास

जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली खाणकामगारांना एक जुने दफन सापडले. त्यात एका पुरुषाचा व एका स्त्रीचा सांगाडा होता आणि त्यांच्यासोबत एका कुत्र्याची हाडे होती. दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे होते. ती हाडे कुत्र्याची आहेत हे ओळखायलाच पुढे कित्येक दशके गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या कुत्र्याच्या दातांवरील खुणा तपासण्यात आल्या. ते जेमतेम सहा-सात महिन्यांचे पिल्लू होते. त्याला डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार झाला होता आणि आजाराचे एकामागून एक झटके सोसूनही ते काही आठवडे जगले होते. कोणी उबेत ठेवल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय आणि घाण पुसल्याशिवाय इतके दिवस जगणे त्याला शक्य नव्हते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. आजारी पिल्लाचा शिकारीसाठी काहीही उपयोग नव्हता, तरीही कोणीतरी त्याच्या उशाशी बसले होते.

आजारी कुत्र्याची शुश्रूषा इतकी जुनी आहे. मात्र शुश्रूषेचे सर्व उपाय संपल्यावर काय करावे, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर फार अलीकडचे आहे. आज एखाद्या शहरातील पशुवैद्य असाध्य आजाराने तळमळणाऱ्या वृद्ध कुत्र्याला मालकाच्या मांडीवर शांतपणे झोपवतो, त्या काही मिनिटांमागे रसायनशास्त्र, कायदा आणि नीतिविचार यांचा सुमारे दोनशे वर्षांचा प्रवास आहे. त्यातील एक निर्णायक टप्पा भारतात घडला.

पांजरपोळाची परंपरा

प्राण्यांच्या औषधोपचाराची राज्यकर्त्याने जाहीरपणे घेतलेली जबाबदारी भारताला नवी नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा आणि औषधी वनस्पती लावल्याचा उल्लेख आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील हा लेख गिरनारच्या खडकावर आजही पाहता येतो. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले अश्ववैद्यक आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद ही त्याच परंपरेची पुढची रूपे होत. पण हे ज्ञान मुख्यतः घोडा, हत्ती आणि गाय यांच्याभोवती फिरत होते. कुत्र्याचे स्थान संदिग्ध राहिले. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो, आणि त्याच समाजात कुत्र्याला उंबऱ्याबाहेर ठेवले जाते.

हा विरोधाभास १८३२ साली मुंबईच्या रस्त्यावर उतरला. सरकारी आदेशानुसार मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालू होती. ६ जून रोजी पारशी समाजाच्या पवित्र दिवशी ही कत्तल झाली आणि कुत्र्याला पूज्य मानणारा तो समाज संतापला. जैन व हिंदूही त्यांना येऊन मिळाले, बाजार बंद झाला आणि सैन्य बोलवावे लागले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

पांजरपोळाचे तत्त्व सरळ होते. प्राणी जिवंत आहे तोवर त्याला दाणापाणी व निवारा द्यायचा आणि मृत्यू निसर्गावर सोपवायचा. या तत्त्वाने असंख्य जीव वाचवले. पण पाय मोडलेले, जखमांत किडे पडलेले, उठू न शकणारे प्राणीही तिथे आठवडेच्या आठवडे पडून राहत. वेदनाशामक औषधे नव्हती आणि मारणे धर्मात बसत नव्हते. दयेची मर्यादा ‘न मारणे’ येथेच संपत होती.

याच काळात दुसरा एक विचार समुद्रापलीकडून आला. १८६१ मध्ये कोल्सवर्दी ग्रँट या चित्रकाराने कलकत्त्यात प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन केली. १८७४ मध्ये मुंबईतही तशी संस्था निघाली. पुढच्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ मध्ये तिथेच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांच्या दृष्टीने क्रौर्य म्हणजे केवळ मारणे नव्हे. असाध्य वेदनेत जगवत ठेवणे हेही क्रौर्यच होते. पांजरपोळ आणि पशुरुग्णालय या दोन्ही संस्था करुणेतूनच जन्मल्या होत्या, पण शेवटच्या प्रश्नावर त्यांची उत्तरे परस्परविरोधी होती.

मारण्याच्या तीन वाटा

एकोणिसाव्या शतकात प्राणी मारला जाण्याची तीन कारणे होती आणि ती वेगवेगळी पाहिली पाहिजेत. पहिले कारण उपद्रव. मोकाट कुत्र्यांची मोहीम त्यात येते. दुसरे कारण रोगनियंत्रण. १८९९ च्या ग्लँडर्स व फार्सी कायद्यानुसार बाधित घोडे नष्ट करण्याची तरतूद झाली, कारण तो जिवाणूजन्य रोग इतर घोड्यांना आणि माणसांनाही होतो. तिसरे कारण त्या प्राण्याची स्वतःची वेदना. दयामरण हा शब्द केवळ या तिसऱ्या कारणाला लागू होतो. पहिल्या दोहोंत लाभ इतरांचा असतो. तिसऱ्यात तो मरणाऱ्या जिवाचाच असावा लागतो.

हेतू शुद्ध असला तरी साधने मात्र भयंकर होती. १८१८ मध्ये पेलेतिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कुचल्याच्या कुळातील वनस्पतीपासून स्ट्रिक्निन वेगळे केले. हे विष मज्जारज्जूतील आवर घालणारे संदेश बंद पाडते. परिणामी स्नायू एकाच वेळी आकसतात, शरीर धनुष्यासारखे ताणले जाते आणि शुद्ध मात्र शेवटपर्यंत कायम राहू शकते. सायनाइडचे द्रावण जलद होते, पण त्यातही झटके व तडफड होतीच. उरलेला पर्याय बंदुकीचा, आणि तो नेम धरणाऱ्या हातावर अवलंबून होता.

१८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा भुलीसाठी वापर सुरू झाला आणि मृत्यूपूर्वी शुद्ध हरपवता येते, ही कल्पना प्रथमच प्रत्यक्षात आली. लंडनचे वैद्य बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी १८८४ मध्ये बॅटरसी येथील श्वानगृहासाठी एक बंद कक्ष बनवला. त्यात क्लोरोफॉर्मची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड सोडून कुत्र्यांना आधी बेशुद्ध केले जाई. आजच्या निकषांवर ती पद्धत उतरणार नाही. तरीही एक महत्त्वाचा क्रम तिने रुजवला : आधी शुद्ध जावी, मग प्राण.

या क्रमाचे महत्त्व फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांच्या क्युरारेवरील प्रयोगांनी त्याआधीच दाखवले होते. क्युरारे स्नायूंना लुळे करते, पण संवेदना शाबूत ठेवते. म्हणजे निश्चल पडलेला प्राणी वेदनामुक्त असतोच असे नाही. पाहणाऱ्याला शांत दिसणारा मृत्यू मरणाऱ्यासाठी शांत असेलच याची हमी नाही, हा पुढील सर्व पशुवैद्यकीय नियमांचा पाया ठरला.

साबरमतीचे वासरू

१९२८ च्या सप्टेंबरमध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य आजाराने पडून होते. कूस बदलतानाही त्याला असह्य वेदना होत. तपासणाऱ्या वैद्यकीय तज्ज्ञाने आशा सोडली होती. महात्मा गांधींनी आश्रमाच्या कार्यकारी मंडळाशी व शेजाऱ्यांशी चर्चा केली. मतभेद झाले. शेवटी गांधींच्या उपस्थितीत डॉक्टरांनी विषाची सुई टोचली आणि दोन मिनिटांच्या आत सारे संपले.

गांधींनी ही गोष्ट लपवली नाही. ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मध्ये त्यांनी स्वतःच ती प्रसिद्ध केली. देशभरातून संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. अहिंसेचा पुरस्कर्ता गोवंशाचा जीव घेतो, हे अनेकांना पचणारे नव्हते. याच्या दोनच वर्षे आधी, १९२६ मध्ये, अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातील साठ मोकाट कुत्री पिसाळण्याच्या भीतीने मारवली होती. पुढे भारतीय अवकाश कार्यक्रमाचे प्रवर्तक ठरलेल्या विक्रम साराभाईंचे हे वडील. त्या वेळीही गांधींनी त्यांची बाजू घेतली होती आणि वाद कित्येक आठवडे चालला होता.

परंतु दोन्ही प्रसंग एकाच मापाने मोजता येत नाहीत. कुत्र्यांच्या प्रकरणात प्रश्न माणसांच्या सुरक्षिततेचा होता. वासराच्या प्रकरणात तो केवळ वासराचा होता. गांधींनी शल्यवैद्याची उपमा दिली. शस्त्र चालवणारा वैद्य हिंसा करत नाही, कारण त्याचा हेतू रुग्णाचे हित हा असतो. टीकाकारांना उत्तर देताना त्यांनी अशा कृतीसाठी चार अटीही सांगितल्या. आजार असाध्य असावा, संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा वा मदत उपयोगी पडण्यासारखी नसावी, आणि त्या जिवाला स्वतःची इच्छा व्यक्त करणे अशक्य असावे.

पशुवैद्यकाच्या इतिहासात या चार अटींचे मोल मोठे आहे. पुढे जगभरच्या व्यावसायिक मार्गदर्शक सूत्रांत जे निकष आले, त्यांतील पहिल्या तिहींचा गाभा येथे दिसतो. चौथी अट तर या प्रश्नाच्या मर्मावरच बोट ठेवते. कुत्रा संमती देऊ शकत नाही. म्हणून निर्णय घेणाऱ्याची जबाबदारी कमी न होता दुप्पट होते.

प्रयोगशाळेतून आलेली झोप

नीतीचा प्रश्न सुटला तरी साधनाचा प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर बार्बिच्युरेट गटातील औषधांनी दिले. या गटाचे मूळ असलेले बार्बिट्युरिक आम्ल आडोल्फ फॉन बायर यांनी १८६४ मध्ये तयार केले होते. १९०३ च्या सुमारास एमिल फिशर व योजेफ फॉन मेरिंग यांनी त्यापासून बनवलेल्या बार्बिटालने कुत्र्यांना गाढ झोप लागते असे दाखवले. माणसांच्या निद्रानाशावरील औषध म्हणून ते बाजारात आले, पण त्याची पहिली परीक्षा कुत्र्यांवरच झाली होती. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील अर्नेस्ट वॉलवायलर व डोनाली टॅबर्न यांनी पेंटोबार्बिटाल तयार केले. त्यानंतर काही वर्षांतच थायोपेंटाल आले आणि १९३४ मध्ये ते माणसाच्या भुलीसाठी प्रथम वापरले गेले.

ही औषधे काय करतात, याचा उलगडा पुढील दशकांत झाला. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन पेशींची उत्तेजना शमवते. बार्बिच्युरेट गाबाच्या ग्राहीवर परिणाम करून क्लोराइड आयनांची वाट अधिक काळ उघडी ठेवतात आणि पेशी शांत होतात. मात्रा मोठी असेल तर हा परिणाम ठरावीक क्रमाने होतो. प्रथम प्रमस्तिष्काचे बाह्यक मंदावते आणि शुद्ध हरपते. नंतर मस्तिष्कस्तंभातील श्वसनकेंद्र थांबते. शेवटी हृदय. शिरेतून दिलेल्या औषधाने काही सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत हृदय थांबते. रिचर्डसनच्या कक्षाला जो क्रम मोठ्या खटाटोपाने साधावा लागत होता, तो येथे औषधाच्या स्वभावातच होता.

अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने १९६३ मध्ये या विषयावरील पहिले मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि त्यानंतर ते वेळोवेळी सुधारले. पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेटसारखी हृदय थांबवणारी वा स्नायू लुळे करणारी द्रव्ये शुद्धीवर असलेल्या प्राण्याला देऊ नयेत, यावर आज एकमत आहे. गाढ भुलीनंतर त्यांचा वापर होऊ शकतो. भारतात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. पेंटोबार्बिटाल हे अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित असल्याने प्रत्येक दवाखान्यात ते मिळतेच असे नाही. अशा ठिकाणी पशुवैद्य इतर भूलद्रव्यांनी गाढ बेशुद्धी आणून मग पुढचे औषध देतात. म्हणून औषधाच्या नावापेक्षा ‘आधी पूर्ण शुद्ध गेली का’ हा प्रश्न मोठा ठरतो, आणि तो विचारण्याचा मालकाला अधिकार आहे.

कायद्याची भाषा

स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ मध्ये राज्यसभेत प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध खाजगी विधेयक मांडले. त्या प्रयत्नांची परिणती १९६० च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्यात झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष होत्या.

या कायद्याचे कलम १३ वेदनाग्रस्त प्राण्याच्या मृत्यूविषयी आहे. प्राण्याला जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल अशी खात्री झाल्यास न्यायालय वा विशिष्ट अधिकारी त्याला अनावश्यक वेदना न देता मारण्याचा आदेश देऊ शकतात. पांजरपोळ आणि पशुरुग्णालय यांच्यातील जुना वाद येथे एका वाक्यात मिटवलेला दिसतो. कलम ११ ने हृदयात स्ट्रिक्निनची सुई टोचून वा अन्य अनावश्यक क्रूर रीतीने प्राणी मारणे गुन्हा ठरवले. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. म्हातारा कुत्रा गाडीतून नेऊन दूर सोडून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तरीही अनेक नगरपालिका विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोकाट कुत्री विजेच्या धक्क्याने किंवा विषाने मारत होत्या. २००१ च्या श्वान जनननियंत्रण नियमांनी ते बदलले. असाध्य आजारी आणि प्राणघातक जखमी कुत्र्यांनाच, पात्र पशुवैद्याच्या हातून, भुलीच्या औषधाने मरण द्यावे असे नियमांनी सांगितले. त्यात एक छोटी तरतूद होती : एका कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासमोर मरण देऊ नये. उपद्रव म्हणून मारल्या गेलेल्या जिवाच्या भीतीची दखल सरकारी नियमाने घ्यावी, हा १८३२ पासूनच्या प्रवासातील मोठा पल्ला होता. २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली.

कधी, आणि कसे

कायदा ‘क्रौर्य’ हा शब्द देतो. त्याचा क्षण ठरवण्याचे काम घरात करावे लागते. दीर्घकालीन वेदना कुत्रा ओरडून सांगत नाही. संधिवाताने ग्रासलेला कुत्राही मालकाला पाहून शेपूट हलवतो. म्हणून वर्तनावरून वेदना मोजण्याच्या पद्धती विकसित झाल्या. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये तीव्र वेदनेसाठी अशी मोजपट्टी मांडली. अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये जीवनमानाची मोजपट्टी दिली. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांच्या तुलनेत चांगले दिवस अशा सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज पस्तीसच्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य मानले जाते. ही मोजपट्टी निर्णय घेत नाही. पण अपराधभाव आणि आशा यांच्यात हेलकावणाऱ्या कुटुंबाला ती दिवसांची नोंद ठेवायला शिकवते, आणि उतरता आलेख दिसू लागतो.

प्रत्यक्ष प्रक्रियेत चांगला पशुवैद्य प्रथम स्नायूत शामक देतो. कुत्रा गुंगीत गेल्यावर पुढच्या पायाच्या शिरेत नळी बसवली जाते आणि त्यातून अंतिम औषध दिले जाते. डोळे उघडे राहू शकतात, एखादा खोल श्वास येऊ शकतो, स्नायू थरथरू शकतात, लघवी होऊ शकते. मेंदूचे कार्य थांबल्यानंतरच्या या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत. त्यांत जाणीव नसते. हे आधी सांगितले नाही, तर कुटुंबाच्या मनात तो शेवटचा श्वास वर्षानुवर्षे राहतो. स्टेथोस्कोपने हृदय तपासून मृत्यूची खात्री करणे हा प्रक्रियेचा अनिवार्य भाग आहे.

मृतदेहाची व्यवस्थाही विज्ञानाचाच विषय आहे. पेंटोबार्बिटाल शरीरात सहज विघटित होत नाही. असा देह उघड्यावर टाकल्यास तो खाणाऱ्या पक्ष्यांना व प्राण्यांना विषबाधा होते, हे अनेक देशांत नोंदले गेले आहे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे भारतातील गिधाडे कशी संपत गेली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी का आली, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. एका जिवाची वेदना शमवणारे औषध दुसऱ्याचे विष ठरू नये यासाठी खोल दफन किंवा दहन आवश्यक आहे.

आणि मागे राहणाऱ्यांचे काय? अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजाने मान्यता न दिलेल्या शोकाची संकल्पना मांडली. कुत्र्यासाठी सुतक नसते, रजा मिळत नाही, सांत्वनाला कोणी येत नाही. ‘एक कुत्रा तर होता’ या चार शब्दांत तो शोक गप्प केला जातो. मालकाला खाणारा प्रश्न बहुधा एकच असतो : घाई झाली का, की उशीर? पशुवैद्यकाकडे याचे अचूक उत्तर नाही. योग्य वेळ हा एक क्षण नसून काही दिवसांचा वा आठवड्यांचा पट्टा असतो, एवढेच अनुभवी पशुवैद्य सांगू शकतात. त्या पट्ट्यात घेतलेला कोणताही निर्णय विश्वासघात नसतो.

भारतीय कायदा माणसाला सक्रिय दयामरणाची परवानगी देत नाही. २०११ व २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी केवळ उपचार थांबवण्याची वाट काटेकोर अटींसह मोकळी केली. प्राण्यांच्या बाबतीत हा अधिकार माणसाच्या हाती आहे, म्हणून तो जपून वापरावा लागतो. खर्च टाळण्यासाठी तो वापरला तर ती पहिल्या प्रकारची, उपद्रवाची कत्तल ठरते. भीतीपोटी तो वापरलाच नाही, तर पांजरपोळाच्या अंगणातील ती जुनी तडफड घराच्या कोपऱ्यात पुन्हा सुरू होते. या दोहोंच्या मधली वाट विज्ञानाने आता पुरेशी उजळली आहे. ती चालण्याचे धैर्य मात्र प्रत्येक घराला स्वतःच गोळा करावे लागते.

#विज्ञानाचा_इतिहास #पशुवैद्यक #प्राणीकल्याण